हजार किलोमीटरचा संकल्प आणि जुलैतला पाऊस

पत्र थोडक्यात : बेळगाव शहराच्या दक्षिण भागात राहणाऱ्या 39 वर्षांच्या एका भगिनीचं हे पत्र. त्या पतसंस्थेत नोकरी करतात. घरी नवरा, सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. गेल्या 1 जानेवारीला ऑफिसातल्या आणि कॉलनीतल्या मंडळींच्या गटात त्यांनी ‘वर्षात 1000 किलोमीटर पळणार’ असं जाहीर केलं. त्याआधी पळायची सवय नव्हती, संध्याकाळी फिरायला जायच्या तेवढंच. मोबाइलमधले आकडे त्यांनी उतरवून पाठवलेत : जानेवारी 96, फेब्रुवारी 88, मार्च 81, एप्रिल 74, मे 38, जून 12, जुलै आणि ऑगस्ट शून्य, सप्टेंबर-ऑक्टोबर मिळून 27, नोव्हेंबर 20. एकूण 436. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आकड्यापुढं त्यांनी लिहिलंय, ‘यातले बरेचसे दुर्गामाता दौडीचे. नऊही दिवस गेले, पण ते काही खरं रनिंग नव्हे.’ एप्रिलपासून जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं. गटातले दोघं हजाराच्या पुढं गेले. नवरा म्हणतो, झेपत नाही तर जाहीर कशाला करायचं. पत्रात एका ठिकाणी असंही आहे : ‘फेब्रुवारीत एकदा धुक्यातनं येळ्ळूरच्या रस्त्याला गेले होते, समोर राजहंसगड हळूहळू दिसायला लागला, ती सकाळ अजून आठवते.’ आणि शेवटी प्रश्न : ‘राहिलेले 564 धरून यंदा 1564 चा संकल्प करू? की गपचूप 500 वर येऊ? की हा नादच सोडू? माझ्यात शिस्तच नाही का?’

ताई,

तुमच्या आकड्यांची मी आधी बेरीज करून पाहिली. हजाराचे बारा भाग केले की महिन्याला 83 च्या आसपास येतात. एप्रिल संपताना चार महिन्यांचे 333 व्हायला हवे होते, तुमचे 339 झाले होते. म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा सरला तेव्हा तुम्ही मागं नव्हता, उलट सहा किलोमीटर पुढं होता. पत्रात तुम्ही हे कुठंच लिहिलेलं नाही. जे राहिलं त्याचा हिशेब किलोमीटरपर्यंत चोख आहे, जे झालं त्याचा नाही. नोकरी, डबे, मुलांचा अभ्यास हे सगळं करून आधी कधीही न पळालेली बाई चार महिने आठवड्याला वीस किलोमीटरच्या आसपास पळते, तिला शिस्त नाही असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

मग मोडलं कुठं? तेच आकडे पुन्हा बघा. वर्षातला सगळ्यात मोठा आकडा जानेवारीचा आहे. शरीर पळायला सगळ्यात नवखं होतं त्याच महिन्यात तुम्ही सगळ्यात जास्त पळालात, आठवड्याला जवळजवळ 22 किलोमीटर. नंतर दर महिन्याला आकडा उतरत गेला. खरं तर हा आलेख उलटा हवा होता : सुरुवात अगदी थोडी आणि चढण सावकाश. पण वर्षाचे एकूण किलोमीटर ठरवून बाराने भागायची पद्धतच अशी आहे, की ती पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात सारखंच मागते. तुम्ही तिचं ऐकलंत, आणि ऐकताना गुडघा दुखावला.

हे का होतं ते समजून घ्या, कारण जानेवारीत सुरुवात करणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं. नियमित पळायला लागलं की तीन-चार आठवड्यांत दम कमी लागतो. हृदय आणि फुप्फुसं लवकर जुळवून घेतात, स्नायूही बऱ्यापैकी लवकर. पण स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं यांना त्यासाठी कित्येक महिने लागतात. त्यामुळं फेब्रुवारीत छाती म्हणते ‘आता जमतंय, वाढव’ आणि पाय आतून अजून तयार नसतात. नव्यानं पळणाऱ्यांची नडगी, टाच किंवा गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बोलायला लागतो तो यामुळं. जिना उतरताना वाटीभोवती दुखणं ही पळणाऱ्यांची सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार आहे. मांडीचे आणि कमरेच्या बाजूचे स्नायू बळकट केले आणि भार थोडा उतरवला की ती बऱ्याच जणांची कमी होते. मात्र गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, पाय टाकताना सुटल्यासारखा वाटत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर कुठलाही संकल्प करायच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसलं तरी आठ महिने टिकलेलं दुखणं आहे, तेव्हा एकदा फिजिओथेरपिस्टकडं जाऊन यावं असं मला वाटतं. दोन-चार व्यायाम समोर उभं राहून शिकून घेतलेत तर ते नीट होतील.

आता जुलैकडं येऊ. बाराने भागणारा हिशेब जुलैकडूनही जानेवारीइतकेच 83 किलोमीटर मागतो. जानेवारीत बेळगावची सकाळ गार, कोरडी, पळायला याहून चांगली हवा मिळणार नाही. आणि जुलै? पाऊस दिवसचे दिवस उघडीप देत नाही. रस्त्याच्या कडेला खड्डा आहे की नुसतं पाणी साचलंय ते कळत नाही. सहा वाजून गेले तरी ढगांमुळं अंधार. एकदा भिजलेले बूट आत वर्तमानपत्र कोंबूनही दोन दिवस वाळत नाहीत, मुलांचे गणवेशच वाळत नाहीत तिथं तुमचे पळायचे कपडे कुठं वाळणार? पावसाळ्यात बेळगावात पळणारे लोक आहेत, मला त्यांचं कौतुक आहे. पण नोकरी-संसार सांभाळून पहिल्याच वर्षी पळणाऱ्या बाईनं जुलैत 83 किलोमीटर करावेत, ही अपेक्षा ज्यानं बेळगावचा पावसाळा पाहिलेला नाही त्याचीच असू शकते. तुमचा शून्य हा तुमच्या स्वभावाचा पुरावा नव्हे. संकल्प करताना पाऊस धरलाच नव्हता, एवढंच त्यातनं कळतं.

आणि ते ‘खरं रनिंग नव्हे’ म्हणून तुम्ही बाजूला टाकलेले नऊ दिवस. मला तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटली.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. बेळगावात नवरात्रात घटस्थापनेपासून रोज पहाटे दुर्गामाता दौड निघते. पांढरे कपडे, डोक्याला फेटा किंवा टोपी, पुढं ध्वज, कितीतरी जण अनवाणी. मार्ग रोज वेगळा, गल्लोगल्ली रांगोळ्या आणि दारादारांत औक्षण. पोरंटोरं, बायका, म्हातारी माणसं, सगळे त्यात असतात. ताई, तुम्ही दोन महिने एक पाऊलही पळाला नव्हता, गुडघा दुखत होता, मनात हरल्याची भावना होती. तरी नऊ दिवस पहाटेच्या अंधारात उठून गेलात. शिस्त नसलेलं माणूस हे करत नाही. मग तिथं असं काय होतं जे तुमच्या हजाराच्या संकल्पात नव्हतं?

वेळ ठरलेली होती, रोज मनाशी वाद घालावा लागत नव्हता. सोबत माणसं होती. अंतर पायांना झेपणारं होतं. वेग कुणी विचारत नव्हतं. आणि ते कधी संपणार हे आधीच माहीत होतं, नऊ दिवस आणि दसरा. वर्षभराचा डोंगर डोळ्यांसमोर नव्हता. पुढच्या वर्षाची आखणी करायची तर मी या नऊ दिवसांवरून करीन.

सवयीबद्दल एक अभ्यास तुम्हाला सांगायला हवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2010 साली तो प्रसिद्ध केला. रोजची एखादी नवी गोष्ट आपसूक व्हायला किती दिवस लागतात हे त्यांनी पाहिलं. सरासरी निघाली 66 दिवसांची, पण माणसामाणसांत फरक इतका होता की कुणाला 18 दिवस पुरले तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. पाण्याचा पेला पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असं जे सगळीकडं ऐकू येतं, त्यावर विसंबून बावीसाव्या दिवशी स्वतःला दोष देणं सोडून द्या.

तुमचे तीन पर्याय एकेक करून बघू.

1564 नको. आठवड्याला तीस किलोमीटर होतात, आणि वीस किलोमीटरलाच गुडघा दुखायला लागला होता. शिवाय मागच्या वर्षाचं राहिलेलं पुढच्या वर्षात ओढायचं, ही पद्धत पतसंस्थेच्या खातेवहीत बरोबर आहे, शरीराच्या बाबतीत नाही. न पळालेले किलोमीटर कुणाचं देणं नाहीत. हा नियम आठवड्यालाही लावा : मंगळवार चुकला तर बुधवारी दुप्पट पळायचं नाही. अशा भरपाईच्या दिवशी दुखापतीचा धोका वाढतो.

500 हा आकडा वाईट नाही, आठवड्याला दहा किलोमीटरच्या आतच येतो. पण ‘गपचूप’ हा शब्द मला खटकला. लाजेनं कमी केलेला आकडा वर्षभर टोचत राहतो आणि मार्चमध्ये बरं चाललंय असं दिसलं की तुम्हीच तो पुन्हा हजारावर नेऊन ठेवाल. शिवाय किलोमीटर मोजायला लागलं की जोरात, लांब, लवकर संपवायची ओढ लागतेच. 

सोडून द्यायचा पर्यायही मी मनापासून तपासला, कारण तो नेहमीच चुकीचा असतो असं नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि झपझप चालणं त्यात बसतं. पळणं आवडत नसेल तर रोज अर्धा-पाऊण तास झपाट्यानं चाला, तब्येतीच्या दृष्टीनं काहीही बिघडत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच, तुम्हाला पळायला आवडतं का? पत्रभर आकडे आहेत, गटातली माणसं आहेत, नवऱ्याचं बोलणं आहे. फक्त राजहंसगडाच्या त्या वाक्यात यातलं काही नाही. त्या एका वाक्यावरून मला वाटतं की तुम्ही पळणं सोडू नये.

म्हणून माझी सूचना अशी : यंदा किलोमीटर मोजू नका, दिवस मोजा. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तीस मिनिटं. तीनच का, तर नवख्या पायांना दोन पळण्यांच्या मध्ये एक दिवस विश्रांती लागते आणि सात दिवसांत तीन दिवस काढणं नोकरी करणाऱ्या बाईला शक्य असतं. घराबाहेर पडून तीस मिनिटं घालवलीत की तो दिवस झाला, मग त्यात पळणं किती आणि चालणं किती हे बघायचं नाही. या ध्येयाचं मला एक आवडतं, ते पुरं करणं तुमच्या हातात आहे. किती अंतर होईल ते गुडघा, झोप, चढ, वारा ठरवणार. दाराबाहेर पडायचं तुम्ही ठरवणार.

आणि वर्षाचे बारा सारखे तुकडे करू नका. बेळगावच्या हवेप्रमाणं आणि घरच्या धावपळीप्रमाणं चार भाग करा. वारकरी पंढरपूरचा रस्ता मुक्कामांनी मोजतो, तसं इथलं वर्ष मोजावं.

पहिला भाग जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत. हवा उत्तम, म्हणूनच इथं सगळ्यात जास्त सांभाळायचं. पाच मिनिटं चालून मग एक मिनिट हळू पळा आणि दोन मिनिटं चाला, असं तीस मिनिटं भरेपर्यंत. गुडघा तक्रार करत नसेल तर एक-दोन आठवड्यांनी पळण्याचं मिनिट वाढवा आणि चालण्याचं कमी करा. पाडव्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सलग पळता आलं तर छानच, नाही आलं तरी काही अडत नाही. वेग किती? शेजारी कुणी असेल तर पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावं, इतकाच. हा वेग सुरुवातीला लाजिरवाणा हळू वाटतो. मी म्हणते त्याच वेगात राहा. गटातला भरतीची तयारी करणारा मुलगा शेजारून निघून जाईल, त्याला जाऊ द्या. त्याला 1.6 किलोमीटर ठरलेल्या मिनिटांत पळून नोकरी मिळवायची आहे, त्याचं पळणं वेगळं आणि वयही वेगळं.

पाडवा ते मेअखेर हा दुसरा भाग. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून शाळांना सुट्टी लागते, डब्याची घाई संपते, असं वाटतं की आता पळायला मोकळीक. प्रत्यक्षात पाहुणे, लग्नं, गावची यात्रा, माहेरी जाणं यात हे दिवस कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको. तुमचा मेचा आकडा निम्म्यावर आला होता तो यामुळंही असेल. तेव्हा या दोन महिन्यांत काही वाढवायचं ठरवू नका, आहे ते टिकवा. बाहेरगावी गेलात तर तिथल्या रस्त्यावर वीस मिनिटं चालून या आणि तो दिवस धरा. साडेसहा-सातनंतर ऊन चढतं, त्याआधी परत या. वळीव बहुतेक दुपारनंतर येतो, सकाळ मोकळी मिळते.

तिसरा भाग जूनपासून घटस्थापनेपर्यंत, आणि इथं मी तुम्हाला पळण्यातनं मोकळं करते. या महिन्यांत तीन दिवसांपैकी दोन दिवस घरातला व्यायाम, एक दिवस उघडीप मिळाली तर बाहेर. उघडीप नाही मिळाली तर तिन्ही दिवस घरात, आणि आठवडा पूर्ण झाला असंच धरायचं. घरात काय करायचं? खुर्चीवरून हात न टेकता उठबस. जिन्याच्या पायरीवर पुढची पावलं टेकवून टाचा वर-खाली. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलून धरणं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. प्रत्येकी दहा-बारा वेळा आणि असे तीन फेरे, वीस मिनिटांत होतं. यातली प्रत्येक गोष्ट थेट तुमच्या गुडघ्यासाठी आहे. माझ्या मते बेळगावचा पावसाळा पळणाऱ्याला मिळालेला दुरुस्तीचा काळ आहे, तो वाया गेला असं समजणं चूक आहे.

चौथा भाग घटस्थापनेपासून डिसेंबरअखेरपर्यंत. हाच तुमचा खरा हंगाम. दौडीनं सुरुवात करा, यंदा ती पूर्ण मोजा. पुढं थंडी पडत जाते, पाय पावसाळ्यात मजबूत झालेले असतात, तेव्हा तीन दिवसांपैकी एक दिवस तीसचे पस्तीस, चाळीस करत न्या. आकड्याची हौस असेल तर ती इथं भागवा, डिसेंबरच्या सुमारास जवळपासची 5 किंवा 10 किलोमीटरची एखादी स्पर्धा गाठा. अर्धमॅरेथॉन म्हणजे 21.1 किलोमीटर, तिचा विचार त्याच्या पुढच्या वर्षी.

हे सगळं करूनही मध्ये खंड पडणार आहे. मूल आजारी पडेल, मार्चअखेरीला पतसंस्थेत हिशेबांमुळं रात्र होईल, कुणाच्या घरी वाईट बातमी येईल. गेल्या वर्षी खंड पडला यानं नुकसान झालं नाही. परत कसं यायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून जूनमधली थोडी सुट्टी सप्टेंबरपर्यंत लांबली. म्हणून परतीचा नियम आजच लिहून ठेवा. आठवडाभराचा खंड असेल तर जिथं होता तिथनं पुढं. दोन-तीन आठवडे गेले असतील तर पहिला आठवडा निम्मं. महिना किंवा त्याहून जास्त गेला असेल तर पुन्हा एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं इथून, पण या वेळी पायऱ्या भराभर चढता येतील. एकदा कमावलेली ताकद परत मिळवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. आणि परत यायला 1 जानेवारीची वाट बघायची गरज नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2014 साली दाखवलं होतं की नवा आठवडा, नवा महिना, वाढदिवस अशा प्रत्येक सुरुवातीनंतर लोक व्यायामाकडं जास्त वळतात. आपल्याकडं तर सुरुवातींना तोटाच नाही. पाडवा आहे, शाळा सुरू होते तो दिवस आहे, घटस्थापना आहे. दर सोमवार तर आहेच.

गटाचं काय करायचं? सोडू नका, पण तिथं किलोमीटरची स्पर्धा चालू असेपर्यंत तुमचा रोजचा आकडा तिथं टाकू नका. ‘मी यंदा आठवड्याला तीन दिवस मोजणार आहे’ असं एकदा सरळ सांगा. माझा अंदाज आहे की हे वाचून आणखी एक-दोघी तुमच्याकडं येतील, कारण दोघंच हजाराच्या पुढं गेले म्हणजे बाकीचे सगळे तुमच्यासारखेच मध्ये कुठंतरी थांबलेत. त्यातली तुमच्या वेगाची एक जण शोधा. पहाटे कोपऱ्यावर कुणीतरी उभं आहे एवढ्यानं जे होतं, ते मोबाइलवरच्या पदकानं होत नाही.

सोबत हवी याला दुसरंही कारण आहे. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. साडेपाचला निघालात तर सगळं पळणं अंधारात होतं. त्याऐवजी साडेसहाला उजाडतानाच निघा. एकट्या असाल तर व्हॅक्सिन डेपो, लेले मैदान, सीपीएड मैदान अशा फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असलेल्या जागा धरा. मातीची जमीन गुडघ्यालाही बरी वाटते. येळ्ळूरच्या रस्त्याला जायचं तेव्हा सोबतीण घेऊन, रविवारी. रस्त्यावर पळताना उजव्या कडेनं पळा, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. अंगात उजळ रंगाचं काहीतरी असू द्या आणि कानात काही घालू नका. ऊसतोडीच्या हंगामात निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबागकडच्या रस्त्यांवर अंधारात मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, त्या भागातल्या वाचकांनी उजाडायच्या आत मुख्य रस्त्यावर जाऊच नये. कुत्री मागं लागली तर पळू नका, थांबा, पाठ न दाखवता हळूहळू बाजूला व्हा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. यात आजचं उद्यावर ढकलायचं नाही.

बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर चालतात. तुमच्यांचे 436 झालेत, तेव्हा उलटे करून तळ बघा. एका बाजूनं झिजले असतील तर बदला. महागडे हवेत असं नाही, पायात दुकानातच आरामशीर वाटले पाहिजेत. आणि सारखा थकवा येत असेल तर शिस्तीला दोष द्यायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडं कितीतरी बायका रक्त कमी असताना वर्षानुवर्षं रेटत राहतात आणि त्याला आळस म्हणतात. चाळिशीच्या उंबरठ्यावर आहात, रक्तदाब आणि साखरही एकदा बघून घ्या. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टरांकडं जायचं.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या इतर वाचकांनी हे चार भाग जसेच्या तसे उचलू नयेत. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस बेळगावपेक्षाही जास्त, तिथं घरातला भाग आणखी लांबवावा लागेल. उलट अथणी-कागवाडकडं पाऊस कमी आणि उन्हाळा कडक, तिथं जून-जुलैच्या सकाळी पळायला चांगल्या आणि विश्रांतीचे महिने एप्रिल-मे. आपल्या गावात कुठल्या महिन्यात पळणं अशक्य होतं ते आधी कॅलेंडरवर खूण करून ठेवायचं आणि उरलेल्या महिन्यांत आखणी करायची.

आता घरचं. नवऱ्याचं बोलणं तुम्हाला लागलंय, ते दिसतं. पण ते जाहीर करण्याबद्दल बोललेत, पळण्याबद्दल नाही. आणि वर्षभर तुम्ही त्यांच्याकडं काही मागितलेलंही पत्रात दिसत नाही. ‘मला पळायला पाठिंबा द्या’ असं मोघम म्हणू नका, त्यानं काही बदलत नाही. तीन सकाळी ठरवा आणि त्या सकाळी कोण काय करणार ते ठरवा. शनिवारी सकाळची शाळा असते, तो वगळा. मंगळवार, गुरुवार, रविवार बघा. मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहा ते सव्वासात मुलांना उठवणं, आंघोळीचं पाणी आणि दूध नवऱ्याकडं. भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायची, त्या दोन दिवशी डब्याला पोळीऐवजी चित्रान्न किंवा उप्पीट चालेल हे मुलांशी आधीच बोलून ठेवायचं. सासूबाईंना विचारा, त्यांना सकाळी फिरायला यायचंय का. तुम्ही मैदानात फेऱ्या माराल तेवढ्या वेळात त्या कडेनं चालतील, आणि घरातनं निघताना दोघी असाल तर नेमक्या त्याच वेळी कुणी काम सांगणार नाही. एखाद्या आठवड्यात तीनपैकी एकच सकाळ मिळणार असं दिसलं तर मंगळवार-गुरुवार सोडा आणि रविवारची धरा. त्या दिवशी डबे नसतात, येळ्ळूरचा रस्ता मोकळा असतो आणि परतायची घाई नसते.